रिलीव्हर येईपर्यंत : जहाजावरच्या मैत्रीचा विचार

 

विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, "सर, चंद्रपुरात समुद्र कुठून आणला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून त्यांची प्राणहिता होते, सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते आणि आपलं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. पाणी जातं, माणसं फारशी जात नव्हती. आता जाऊ लागली आहेत. आपल्या भागातला मुलगा नौदलात किंवा मर्चंट नेव्हीत गेला ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही.

पण मी हा विषय घेतला तो वेगळ्या कारणासाठी. तत्त्वज्ञानात मैत्रीबद्दल एक जुना प्रश्न आहे : मैत्रीला सहवास लागतो का? दोन माणसं एकत्र राहत नसतील, वर्षानुवर्षं भेटत नसतील, तर त्यांना मित्र म्हणायचं कशाच्या आधारावर? या प्रश्नाची सगळ्यात कडक परीक्षा समुद्रावर होते. दोन माणसं एका जहाजावर सात-आठ महिने काम करतात, मग उतरतात आणि वेगवेगळ्या जहाजांवर जातात. एक ब्राझीलच्या किनाऱ्याला, दुसरा जपानच्या. आणि तरी त्यातले काही जण वीस-पंचवीस वर्षं मित्र राहतात. ते कसं, हे आज पाहायचं आहे.

जहाजावर काय घडतं

आधी कामाची रीत समजून घेऊ. मालवाहू जहाज कितीही अवाढव्य असलं तरी त्यावर माणसं साधारण वीस ते पंचवीस असतात. खलाशांचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा, अधिकाऱ्यांचा त्याहून थोडा कमी. जहाजावर रुजू झालं की 'साइन ऑन', उतरलं की 'साइन ऑफ'. दोन्हींची नोंद सीडीसी नावाच्या पुस्तिकेत होते. सगळे एकाच दिवशी चढत नाहीत आणि एकाच दिवशी उतरतही नाहीत. एका बंदरात तिघं उतरतात, तिघं नवे येतात. माणसं बदलत राहतात, जहाज चालत राहतं.

आणि जहाज चालतं ते पाळीवर. दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या सहा भागांत वाटलेले. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. प्रत्येक पाळी दिवसातून दोनदा येते. मध्यरात्री बाराला ज्याची पाळी सुरू होते, त्याची दुपारी बारालाही होते.

चंद्रपूरकरांना पाळी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आपल्या कोळसा खाणींत, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात घराघरांतून माणसं पाळीवर गेलेली आहेत. तिथला एक शब्द तुम्हाला ठाऊक आहे : रिलीव्हर. आपली जागा घ्यायला येणारा माणूस. नियंत्रण कक्षात बसलेल्याला विचारा, रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही.

जहाजावर हे अधिक काटेकोर आहे. पाळीच्या कामाचे नियम आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेले आहेत. तो मूळ करार १९७८ चा. त्यातले दोन नियम मला फार विचार करण्याजोगे वाटतात. पहिला असा की रात्री पाळी घ्यायला आलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावल्याशिवाय त्याने ताबा घ्यायचा नाही. उजेडातल्या केबिनमधून आलेल्याला काळ्या समुद्रावरचा दुसऱ्या जहाजाचा बारीक दिवा लगेच दिसत नाही. म्हणून थोडा वेळ दोघांनी एकत्र उभं राहायचं. दुसरा नियम असा की येणारा माणूस काम करण्याच्या स्थितीत नाही असं वाटलं, तर जाणाऱ्याने पाळी सोपवायची नाही, कप्तानाला कळवायचं. म्हणजे स्वतःचे तास संपले एवढ्याने आपण मोकळे होत नाही. दुसरा खरोखर जागा आहे का हे पाहून मगच झोपायला जायचं.

आता एक गंमत लक्षात घ्या. ज्याच्या हाती तुम्ही पाळी देता, त्याच्याबरोबर तुमचा सहवास सगळ्यात कमी असतो. तो जागा असतो तेव्हा तुम्ही झोपलेले. भेट काय ती अदलाबदलीच्या दहा-पंधरा मिनिटांची. आणि तरी तुमची झोप त्या माणसावर टेकलेली असते.

अ‍ॅरिस्टॉटलची शंका

अ‍ॅरिस्टॉटलच्या 'निकोमॅकियन एथिक्स' या ग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यातले दोन, आठवा आणि नववा, पूर्णपणे मैत्रीवर आहेत. नीतिशास्त्राच्या ग्रंथाचा पाचवा हिस्सा मैत्रीला! आपल्या आजच्या अभ्यासक्रमांत मैत्रीवर एक धडाही सापडणं कठीण.

मैत्रीचे तीन प्रकार तो करतो. उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली, आणि समोरच्याच्या चांगुलपणासाठी केलेली. पहिल्या दोन लवकर तुटतात, कारण उपयोग संपतो, आनंदही ओसरतो. तिसरी टिकते, पण ती दुर्मीळ असते आणि तिला वेळ लागतो. दोघांनी बरोबर मीठ खाल्ल्याशिवाय एकमेकांची ओळख पटत नाही, अशा अर्थाची म्हण तो इथे देतो. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो. ते चाकराचं धन्याशी असलेलं नातं. अ‍ॅरिस्टॉटलचं मीठ बरोबरीच्या माणसांचं आहे, आणि बरोबर खाल्लेलं आहे.

याच चर्चेत खलाशीही येतात. एकाच जहाजाने जाणारे आणि एकाच सैन्यात लढणारे एकमेकांना मित्र म्हणतात, असं तो नोंदवतो. पण पुढे तो त्यांना थोडं बाजूला बसवतो. ही मैत्री एका समान कामातून, जणू काही करारातून आलेली आहे, असं त्याचं म्हणणं. जेवढी भागीदारी तेवढीच मैत्री. दूर गेल्याने मैत्री एकदम संपत नाही, तिचं वागण्यात उतरणं थांबतं. पण दुरावा फार लांबला तर मैत्रीचाही विसर पडतो, असंही तो सांगतो. मित्रांनी एकत्र जगलं पाहिजे, हा त्याचा आग्रह.

बहुतेक जहाजी मैत्रीबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे, हे आधी मान्य करू. जहाजावरची जवळीक निवडलेली नसते. समोरच्याचा कंटाळा आला म्हणून उठून जाता येत नाही. वीस माणसांत तुमच्या भाषेचा कदाचित एकच असतो, म्हणून त्याच्याशी गट्टी होते. साइन ऑफ झाल्यावर नंबर घेतले जातात, चार सणांचे संदेश जातात, मग तेही थांबतात. यात कुणाचा दोष नाही. पण काही मैत्र्या थांबत नाहीत. त्यांच्यात अ‍ॅरिस्टॉटलला अपेक्षित असलेलं एकत्र जगणं उरलेलं नसतं. मग काय उरलेलं असतं?

गावाने धरून ठेवलेली मैत्री

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं : गाव. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी डेकवर असत, गोव्याचे ख्रिस्ती लोक खानसामे, वाढपी, आचारी म्हणून असत. भरती करायचा तो सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तो बऱ्याचदा आपल्याच मुलखातली माणसं घ्यायचा. या पद्धतीत लाच होती, कर्ज होतं, पिळवणूक होती. तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण जहाजावरचा सोबती हा गावातलाही सोबती असायचा. जहाज सुटलं तरी गाव सुटत नव्हतं.

गोव्याच्या खलाशांनी यातून एक संस्था उभी केली. कोकणीत खलाशाला तारवटी म्हणतात. जहाज मिळेपर्यंत तारवट्याला मुंबईत थांबावं लागायचं. कधी आठवडे, कधी महिने. त्यासाठी गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत सामायिक खोल्या घेतल्या. तिला म्हणायचं कूड, मुंबईत क्लबही म्हणत. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कूड होत्या आणि काही अजून आहेत. भिंतीकडेने प्रत्येकाची पेटी, झोपायला जमीन, एका बाजूला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. भाडं नाममात्र. ज्याला जहाज मिळालं त्याची पेटी तिथेच राहायची.

ती पेटी मला महत्त्वाची वाटते. माणूस समुद्रावर, पेटी कुडीत. तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? जो आज जहाजाविना बसलेला आहे, तो. काही महिन्यांनी तो जहाजावर, आणि परत आलेला त्याच्या पेटीशेजारी. घरून आलेलं पत्र कुणी तरी सांभाळून ठेवायचं, नव्या पोराला कंपनीच्या कचेरीची वाट कुणी तरी दाखवायची. जहाजावरची पाळी जमिनीवर उतरली होती.

अ‍ॅरिस्टॉटलला उत्तर इथे मिळायला लागतं असं मला वाटतं. मित्रांनी एकत्र असावं हे खरं, पण एकत्र असण्याची एक रीत अशीही आहे की दोघं एका वेळी एका ठिकाणी नसतातच. एक झोपतो म्हणून दुसरा जागतो. एक दूर जातो म्हणून दुसरा त्याच्या मागे राहिलेलं सांभाळतो.

बेसावध असताना राखणारा

ही कल्पना आपल्या परंपरेत आहे, आणि चंद्रपुरात तर ती सांगायलाच हवी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. पाली त्रिपिटकातल्या दीघ निकायात सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल नावाचा तरुण सकाळी सहा दिशांना हात जोडत असतो. बुद्ध त्याला सांगतात की दिशा म्हणजे नाती. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, आणि उत्तर म्हणजे मित्र. खलाशी दिशा शोधतो ती उत्तरेवरून, हा योगायोग मला आवडतो. पण त्याच्यावर जास्त भार टाकत नाही.

या सुत्तात उपकारक मित्राची लक्षणं दिली आहेत. तुम्ही बेसावध असताना तो तुम्हाला राखतो. तुम्ही बेसावध असताना तुमची मालमत्ता राखतो. भीतीच्या वेळी आसरा होतो. गरज पडली तर मागितल्याच्या दुप्पट देतो. यातली पहिली दोन लक्षणं नीट ऐका. 'बेसावध' म्हणजे ज्याचं आत्ता लक्ष नाही, जो आत्ता पाहू शकत नाही. सहवासाची अट इथे घातलेलीच नाही. तुमचं लक्ष नसतं तिथे कोण लक्ष ठेवतं, यावरून मित्र ओळखायचा आहे.

आज जे जुने जहाजसोबती मित्र राहिलेले आहेत, त्यांचं वागणं या कसोटीला लावून पाहा. एक चीनच्या वाटेवर, दुसरा सुट्टीवर घरी. घरी असलेला दुसऱ्याच्या वडिलांना दवाखान्यात घेऊन जातो, आणि सगळं ठीक झाल्यावर मग त्याला कळवतो. कारण भर समुद्रात ऐकून तो करणार काय? कोणती कंपनी पगार वेळेवर देते, कोणता भरती एजंट पैसे घेऊन गायब होतो, कोणत्या जहाजाची स्थिती वाईट आहे, हे एकमेकांना सांगितलं जातं. हे सांगणं साधं नाही. वाईट जहाजावर अडकलेल्या माणसाला घरी यायला महिने लागतात.

कधी दोघांची जहाजं जवळून जातात. पूर्वी कुठलं जहाज कुठे आहे हे कंपनीच्या बंदरातल्या एजंटकडून कळायचं, पत्रंही त्याच्याकडेच यायची. जहाजाचा मार्ग बदलला की पत्र मागून फिरत राहायचं. आता जवळच्या जहाजाचं नाव पडद्यावर दिसतं. मग व्हीएचएफ रेडिओवर हाक जाते. सोळा नंबरची वाहिनी ही हाकेची आणि संकटाची, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. दुसऱ्या वाहिनीवर जायचं. बोलणं किती वेळ? दोन मिनिटं. काय बोलायचं? "कधी उतरतोस?" मला तर हा प्रश्नही पाळीचाच वाटतो.

इथे कुणी म्हणेल, आता व्हॉट्सॲप आहे, सगळं सोपं झालं. काही प्रमाणात झालंच आहे. खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन डिसेंबर २०२४ पासून जहाजावर इंटरनेटची सोय हा विषयही त्यात आला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण फोनने बोलणं सोपं होतं, पाळी घेणं सोपं होत नाही. दवाखान्यात जायला माणूसच लागतो. आणि आजच्या जहाजावर फिलिपिन्सचा, युक्रेनचा, केरळचा आणि विदर्भाचा माणूस एकत्र काम करतो. त्यांच्यामागे एक गाव नाही, एक कूड नाही. मैत्री टिकवायची तर ती त्या दोघांनीच टिकवायची.

रिलीव्हर आला नाही तेव्हा

२०२० साली ही सगळी व्यवस्था कोलमडली. कोविडमुळे बंदरं बंद, विमानं बंद. करार संपलेल्यांना उतरता येईना, नव्यांना चढता येईना. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते. नियमाप्रमाणे सलग बारा महिन्यांच्या आत माणसाला घरी पाठवलं पाहिजे. काहींचा मुक्काम त्याच्या कितीतरी पुढे गेला. मुंबईजवळ थांबलेल्या 'मारेला डिस्कव्हरी' या प्रवासी जहाजावरचे भारतीय कर्मचारी २३ एप्रिलला उतरू शकले, तेही केंद्र सरकारने दोन दिवस आधी खास नियमावली काढल्यावर.

आपल्याला दिसले ते वर अडकलेले. पण त्या प्रत्येकामागे जमिनीवर एक रिलीव्हर अडकला होता. जहाजावर नसताना खलाशांना बहुधा पगार नसतो. म्हणजे एकाला घर नाही आणि दुसऱ्याला चूल पेटवायला पैसा नाही, आणि दोघांची सुटका एकमेकांच्या हातात. या दोघांची आयुष्यात कधी भेटही झालेली नसेल. तरी त्यांच्यातलं नातं मैत्रीच्या किती जवळचं आहे!

त्याच एप्रिलमध्ये आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर तेलंगणात अडकले होते. दरवर्षी मिरची तोडायला जाणारे. हातातलं काम गेलेलं, राज्याची सीमा बंद, काही जण जंगलातून चालत निघाले. समुद्र आणि मिरचीचं शेत यांत फार अंतर आहे. पण गावात मागे राहिलेला शेजारी, ज्याने त्यांच्या म्हाताऱ्यांना तांदूळ पोचवला, बकऱ्या पाहिल्या, तो काय करून राहिला होता? पाळीच घेत होता.

हा नुसता उपयोग नाही का?

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. मी तुझं घर पाहीन, तू माझं पाहा, हा तर व्यवहार झाला. अ‍ॅरिस्टॉटलच्या पहिल्या प्रकारात, उपयोगाच्या मैत्रीत, तो बसतो. मग यात मोठं काय?

माझं उत्तर असं. जहाजावर पाळी घेणं हे कर्तव्य आहे. वर कप्तान आहे, नियम आहे, पगार आहे. चुकलात तर नोकरी जाईल. तिथे पाळी घेतली म्हणून कुणी मित्र ठरत नाही. साइन ऑफ झाल्यावर हुकूम देणारा कुणी नसतो. वेळापत्रकात तुमचं नाव नसतं. त्यानंतरही जो पाळी घेतो, त्याच्या वागण्याला मैत्री म्हणावं. काम तेच आहे, फक्त ते करायला लावणारं आता कुणी नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. व्यवहारात फेड ठरलेली असते. इथे ती ठरवता येत नाही, कारण पुढची पाळी कुणाची येईल, कधी येईल, येईल का, काहीच माहीत नसतं. एखाद्याची सगळी उमेद दुसऱ्याच्या आजारी आईसाठी जाते आणि त्याच्या वाटच्या अडचणीच्या वेळी तो दुसरा हिंदी महासागरात असतो. मैत्री मोडायची असेल तर याच जागी मोडते. ज्यांची मोडत नाही, त्यांनी पहिल्या जहाजावर एक गोष्ट पाहिलेली असते : समोरचा माणूस आपली पाळी अर्धवट सोडून गेला नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलचं बरोबर खाल्लेलं मीठ ते हेच. त्याचा तिसरा प्रकार, चांगुलपणासाठीची मैत्री, इथे सापडतो. फक्त तो चांगुलपणा रात्री दोन वाजता पाहिलेला असतो.

माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी एक सांगतो आणि थांबतो. आपण सत्तरी ओलांडलेली माणसं मित्र भेटत नाहीत म्हणून हळहळतो. कुणी पुण्याला मुलाकडे, कुणी अमेरिकेत, कुणाचे गुडघे गेलेले. आपण मैत्री मोजतो ती भेटींच्या संख्येने. खलाशाचं माप वापरून पाहा. तुमच्या जुन्या मित्राचं असं काय आहे, जे त्याला आता दुरून पाहता येत नाही आणि तुम्हाला इथून पाहता येतं? त्याचं बंद घर असेल, गावात राहिलेली बहीण असेल, पेन्शनच्या कचेरीत पडलेला कागद असेल. त्यातली एक पाळी घ्या. आणि तुमचं कोण काय पाहतंय हेही एकदा मोजा. बहुधा अंदाजापेक्षा जास्त निघेल.

आणि ज्यांची मुलं-मुली समुद्रावर निघाली आहेत त्यांना : पगार किती, कंपनी कोणती, हे तुम्ही विचारालच. पहिल्या फेरीहून परत आल्यावर आणखी एक विचारा, "तुझी पाळी कोण घ्यायचं?" त्या माणसाचं नाव आणि गाव लक्षात ठेवा. जमलं तर त्याला एकदा घरी जेवायला बोलवा.

आता प्रश्न घेऊ या.